न तुटणारा ॲक्सल

गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडे मी माझ्या जीपसाठी मागचा ॲक्सल शोधत होतो. आहे तो डोंगरातल्या दगडधोंड्यांत टिकेल असं वाटत नव्हतं. तिथेच एक काका दिसले. त्यांनाही जास्त मजबूत ॲक्सल हवा होता. एका जाडजूड ॲक्सलवरून ते बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत होते. दोन पावलं पुढे जायचे आणि पुन्हा त्याच्याकडेच यायचे.

"घ्या ना काका, झकास आहे," मी म्हटलं.

"झकासच आहे रे. हा कधी तुटणार नाही." जणू तीच अडचण होती.

मग त्या ॲक्सलवरच बसून ते सांगू लागले. तरुणपणी जव्हारकडे एका ओढ्यात त्यांच्या जीपचा ॲक्सल तुटला. दुसरा मिळेपर्यंत ते जवळच्या घराच्या ओट्यावर राहिले. त्या घरातली मुलगी चहा आणून द्यायची आणि जीपकडे बघून हसायची.

"अहो, आटपा! सगळं भंगार घरी न्यायचंय का?" बाहेरच्या जीपमधून एक बाई ओरडल्या.

"तीच ती," काका म्हणाले. नजर मात्र अजून त्या ओढ्यातच होती. मग ते उठले आणि पूर्वीसारखाच साधा ॲक्सल घेऊन गेले.

तो मजबूत मी घेतला. अजून कुठेच अडकलो नाही. संध्याकाळी डोंगरात एखाद्या ओट्यावर दिवा दिसतो आणि पाय आपसूक ब्रेकवर जातो. पण थांबायला काही कारण लागतं.