टाकीमागची कोंबडी

सुलतानाच्या देशात राहून मी काही वर्षं कम्युनिस्ट राजवटीत काढली, असं मी लग्नाकार्यांत सांगायला लागलो की लोक खुर्च्या पुढे ओढतात. पुढची गोष्ट त्यांना पाठ असते. राजवटीचा प्रमुख भर रमझानात पाण्याच्या टाकीमागे कोंबडीची तंगडी खाताना पकडला गेला आणि त्याच आठवड्यात क्रांती कोसळली. तंगडी त्याने कशी धरली होती, हेही मी हाताने करून दाखवत असे. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना तो माणूस फक्त या तंगडीमुळे माहीत आहे. आता तो नाही. त्याच्या नावाला ती कोंबडी मीच चिकटवली, तेव्हा ती सोडवायचं कामही माझंच आहे. हे आधीच करायला हवं होतं.

राजवट मस्कतमध्ये, रुवीत होती. जुनी इमारत, खाली शिंप्याचं दुकान आणि पैसे पाठवायचं एक्स्चेंज, वर आमचा फ्लॅट. तीन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि बायकामुलांना गावी ठेवून आलेले आम्ही सहा-सात पुरुष. कुणाचा मेहुणा नोकरी शोधायला आला की आकडा वाढायचा. मी बांधकामाच्या सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो. स्वभावाने गप्प. चार माणसांत बसलो तर मी बसलोय हे उठताना कळायचं.

प्रमुखाला आम्ही कॉम्रेड म्हणायचो. वसईचा ख्रिस्ती. पूर्वी ठाण्याच्या एका कारखान्यात युनियन चालवत होता. कारखान्याला टाळं लागलं, युनियनमधले सगळे पांगले, आणि हा एका हॉटेलच्या लाँड्रीचा सुपरवायझर होऊन मस्कतला आला. उशीखाली जपमाळ आणि भिंतीवर एका दाढीवाल्या जर्मन माणसाचं चित्र. आमच्यात रत्नागिरीचे एक वयस्कर चाचा होते, मसाल्याच्या दुकानात कामाला. ते बरेच दिवस त्या चित्राला ख्रिस्ती लोकांचा कुणी संत समजत होते आणि खोलीत शिरताना आवाज खाली आणत.

कॉम्रेडने फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं तेव्हा स्वयंपाकघरात तीन स्टोव्ह होते, तेलाच्या बाटल्यांवर मार्करने खुणा होत्या आणि फ्रिजमध्ये दह्याच्या वाटीवर पहारा होता. महिन्याभरात त्याने तीनचा एक स्टोव्ह केला. एक हांडी, सगळ्यांची पाळी, सगळ्यांना सारखं. जे एकालाही चालत नाही ते कुणीच शिजवायचं नाही, हा पहिला कायदा. चाचांना डुक्कर नको, मला गाय नको, एसी मेकॅनिकला भोपळा नको. उरली मासळी. मासळी हीच आमची घटना. शुक्रवारी सकाळी पाळीचा माणूस मत्राच्या बाजारातून सुरमई आणायचा आणि कॉम्रेड तिचे तुकडे असे पाडायचा की सोनाराने लाजावं. माशाच्या डोक्यावरून भांडणं झाली तेव्हा डोक्याचीही पाळी लागली.

"आणि शेपटी?" एसी मेकॅनिकने विचारलं. हा अलिबागचा, जिभेला हाड नसलेला.

"शेपटी बोलणाऱ्याला," कॉम्रेड म्हणाला.

आम्ही कुरकुर केली, पण खरं सांगायचं तर इतकं चांगलं आम्ही परदेशात कधीच जेवलो नव्हतो. संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सगळे एका गोलात बसायचो. कॉम्रेड शेवटी वाढून घ्यायचा आणि आम्हाला खाताना बघायचा. एकदा मला म्हणाला, "कारखान्यात मी हे कधी पुरं करू शकलो नाही. हे इथं टिकलं पाहिजे. मी घरी जाईपर्यंत तरी." त्याला दुसरं काही नको होतं.

मग तो उन्हाळ्यातला रमझान आला. फ्लॅटमध्ये रोजे धरणारे दोघंच, चाचा आणि त्यांचा भाचा. बाकीचे दुपारी घरी येऊन दार लावून जेवले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण कॉम्रेडने बैठक बोलावली.

"एका छपराखाली दोघं उपाशी आणि बाकीचे ढेकर देतायत, ही समता नाही. रमझानभर हांडी एकदाच चढेल. मगरिबला, सूर्य बुडाल्यावर."

चाचा घाबरले. "अरे बाबा, आमच्यासाठी कशाला हाल करून घेता?"

"चाचा, हे तुमच्यासाठी नाही. तत्त्वासाठी आहे."

"तत्त्वाला रोजा ठेवू दे की. माणसांना सोड."

कॉम्रेड हसला, पण ठराव मागे घेतला नाही. चाचांच्या देखत विरोधात हात वर कोण करणार? ठराव एकमताने पास. अशा रीतीने एका ख्रिस्ती कम्युनिस्टाच्या हुकमावरून कोकणातले चार हिंदू-ख्रिस्ती मस्कतच्या उन्हात उपास करू लागले.

उपास म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच असेल. पहिले दोन दिवस झाल्यावर आम्ही सगळे भूमिगत झालो. एसी मेकॅनिक कंपनीच्या व्हॅनमध्ये मागे बसून खुबूस खायचा आणि संध्याकाळी त्याच्या मिशीत त्या रोटीचे कण असायचे. बाथरूममध्ये जो तो अर्धा अर्धा तास बसू लागला. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज बाहेर येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायचा, असा संकेतच ठरून गेला. चाचा बाहेरून ओरडायचे, "अरे, नमाजाच्या वजूला पाणी ठेवा रे! किती आंघोळी करता?" माझं भांडवल म्हणजे बायकोने पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की. ती वाजते फार, दातांत. म्हणून मी दुपारी गच्चीवर जायचो.

एका दुपारी गच्चीवर, टाकीच्या सावलीत, मला कॉम्रेड दिसला.

तो खाली बसला होता. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. मांडीवर गोळ्यांची पट्टी आणि हातात एक केळं. ते त्याला सोलता येत नव्हतं. बोटं इतकी थरथरत होती की देठावर नख बसत नव्हतं. मी काही विचारलं नाही. केळं घेतलं, सोललं, त्याच्या तोंडाशी धरलं. अर्धं खाऊन झाल्यावर त्याच्या डोळ्यांत ओळख आली.

"साखर," तो म्हणाला. "गोळी घेतली आणि पोटात काही नव्हतं."

"मग खात जा ना! कुणी अडवलंय?"

"नियम मी केलाय." मग माझ्याकडे बघून, "कुणाला बोलू नकोस. चाचांना तर मुळीच नको. ते जीवाला लावून घेतील."

मी बरं म्हटलं. खिशातली चिक्की त्याला दिली. एवढं मी बरोबर केलं.

त्या शुक्रवारी बैठक झाली. कॉम्रेडला बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी आपापल्या चुका सांगण्याची जुनी सवय होती. युनियनमध्ये म्हणे असंच चालायचं. आम्ही त्या वेळी पंख्याकडे बघायचो. पण त्या दिवशी त्याने चिक्कीचा एक कागद वर्तमानपत्रावर ठेवला. लाँड्रीवाला माणूस, कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायची त्याची जुनी सवय. आमचे कपडेही पाळीने धुतले जायचे, आणि त्या आठवड्यात पाळी त्याची होती.

"कुणाच्या खिशात सापडला ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "ज्याचा आहे त्याने आपण होऊन बोलावं."

फ्लॅटमध्ये चिक्की खाणारा मी एकटा. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. चाचांनीसुद्धा बघितलं. त्याच्या तत्त्वाला गच्चीवर मी केळं भरवलं होतं, आणि हा माझी झडती घेतोय! आज वाटतं, तो मला काढून टाकत नव्हता की शिक्षा देत नव्हता. नियम सगळ्यांना सारखा, मलाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पण तेव्हा माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती.

"मला काय विचारतोस?" मी म्हणालो. "तू टाकीमागे बसून काय खात होतास ते सांग की."

सगळ्या माना आता त्याच्याकडे वळल्या.

"काय खात होता?" एसी मेकॅनिक पुढे सरकला. "काय, कोंबडी?"

नाही म्हणायला एक क्षण लागला असता. मी गप्प राहिलो. मेकॅनिकचे डोळे मोठे झाले.

"खरंच कोंबडी?"

"तंगडी," मी म्हणालो.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नव्हता. चाचांचा भाचा भिंतीवर डोकं टेकून हसत होता. मेकॅनिक "लाल सलाम, कोंबडीला सलाम!" म्हणून ओरडला. इतकी वर्षं मी बोललो की माणसं मीठ मागायची, आणि आता सगळे माझ्या एका शब्दावर लोळत होते. मी आणखी दोन वाक्यं जोडली. हात करून दाखवला. खरं दुष्कृत्य तेच आहे. राग एका वाक्यात संपला होता. पुढचं सगळं मी हशासाठी केलं.

कॉम्रेडच्या शर्टाच्या खिशात गोळ्यांची पट्टी होती. मला दिसत होती. ती काढून त्याने वर्तमानपत्रावर ठेवली असती तर विषय मिटला असता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मतदान घ्या."

हांडी मोडावी या बाजूने पहिला हात मेकॅनिकचा, दुसरा माझा. चाचांचा हात खालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी तीन स्टोव्ह माळ्यावरून खाली आले. ईद झाली आणि कॉम्रेडने दूरच्या इब्री शहरातल्या एका हॉटेलात काम शोधलं. सामान टॅक्सीत चढवायला चाचा गेले. मला त्याच दिवशी स्टोअरमध्ये खिळे मोजायचे होते.

महिनाभराने मी चाचांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"अरे, आजारी माणसाला रोजा माफ असतो! आमच्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. मी स्वतः त्याला ताट वाढलं असतं."

"त्याच्या कायद्यात माफी नव्हती, चाचा."

"मग असला कायदा आमच्या रमझानात कशाला घुसवला?" ते खवळले आणि लगेच हळू झाले. "चल, त्याला घेऊन येऊ."

आम्ही बसने इब्रीला गेलो. वाटलं होतं, कुठल्या तरी कोंदट खोलीत एकटा बसला असेल. दार उघडलं तर आत दोन मल्याळी दुकानदार, एक बंगाली न्हावी आणि कुठल्या तरी सुक्या मासळीवरून पेटलेलं भांडण. मधोमध हातात वाढायचा डाव घेऊन कॉम्रेड. आमच्यापुढे त्याने कांद्याची टोपली सरकवली. "बसा. पाहुणे म्हणून इथे कुणी नसतं."

जेवणानंतर न्हाव्याने हिंदीत विचारलं, रुवीची हांडी का मोडली? चाचांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आली ती तंगडी. हातसुद्धा आपोआप वर गेला. खोली हशाने दणाणली. सगळ्यात मोठ्याने कॉम्रेड हसत होता.

बस स्टँडवर मी माफी मागायला लागलो. त्याने हात झटकला.

"राहू दे ती कोंबडी. चोर म्हटलं तर माणसं भांडतात. आजारी म्हटलं की पाठीवर हात फिरवतात, आणि मग हांडी मोडायला नको म्हणून सगळ्याला हो म्हणतात. मला भांडणारी माणसं हवीत."

त्याच्याच सांगण्यावरून मी इतकी वर्षं खोटं बोललो, असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. लोक हसायचे म्हणून मी सांगत राहिलो.

तो वसईला परतला, काही वर्षांनी गेला. महिन्याच्या मिसेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी गेलो. जेवण झाल्यावर घरच्यांनी मला मध्ये बसवलं. "काका, ती कोंबडीची गोष्ट!" त्यांच्या घरातही ती पोचली होती, नातवंडांना पाठ होती. मी उभा राहिलो आणि खरी सांगितली. केळं, गोळ्या, थरथरणारी बोटं, सगळं. कुणीही हसलं नाही. मागून कुणीतरी भांडी उचलायला लागलं.

त्याची बायको कोपऱ्यात बसली होती. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"त्याला तिकडेच साखर होती?" तिने विचारलं.

"हो, वहिनी. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"इथं आल्यावर झाली म्हणाला मला." ती ताठ बसली. "भाऊजी, दर नाताळाला मी तुमच्यातल्या जाणाऱ्याबरोबर गोडाचा डबा पाठवायची. नेवऱ्या, कलकल, दोदोल. तो फोनवर म्हणायचा, एकही तुकडा शिल्लक नाही, फार छान झालं होतं. मग ते खाल्लं कुणी?"

आता खरं सांगायला बसलोच होतो.

"आम्ही," मी म्हणालो. "सगळ्यांनी. सारखं वाटून."

"आणि त्याचा वाटा?"

"तो मला द्यायचा, वहिनी."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत जाऊन एक मोठं घासायचं पातेलं आणून माझ्या पुढ्यात ठेवलं, आणि मी बाह्या दुमडल्या.