काशाची घंटा आणि न्यूट्रॉनचा झोत

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. देवळातही मी प्रसादापुरतीच जाते असं नवरा म्हणतो... आणि ते खरंच आहे. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लावले.

मी धातूंवर संशोधन करते. आमचं काम न्यूट्रॉनच्या झोतावर चालतं. धातू कापावा लागत नाही, वितळवावा लागत नाही. न्यूट्रॉन आरपार जातात, आणि जाताना कसे विखुरले यावरून आतली रचना कळते — केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक! इतकी वर्षं झाली, तरी पडद्यावर आलेख उमटायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो. काय देखणं यंत्र आहे ते!

माझे काका चौसाळ्याला मेंढरं राखतात. कळपाच्या पुढे चालणाऱ्या एडक्याच्या गळ्यात पणजोबांच्या काळची काशाची घंटा असते. तिचा आवाज टेकडीपलीकडे जातो... कसा, ते मला तिच्या आत शिरून बघायचं होतं. पण एडका जिवंत असेपर्यंत घंटा उतरवत नाहीत. तो गेला की काढायची आणि नवा निवडला की त्याला बांधायची, अशी आमच्याकडची रीत. यंदा म्हातारा एडका गेला आणि नवा ठरायच्या आत मी ती मागून घेतली.

"कापू नको फकस्त," काका म्हणाले.

"खरचटणार बी न्हाई, काका."

यंत्र वापरायची माझी पाळी आली त्याच दिवशी सकाळी काकांचा फोन आला. "पोरी, मेंढरं डोंगरात गेली गं, समदी! घंटाच न्हाई तर कुणामागं चालावं त्यांनी? तिकडं लांडगे हायत..." काका चक्क रडत होते. त्यांचं सगळं घर त्या कळपावर चालतं. पण इतक्या लांबून मी करणार काय? घंटा झोतासमोर घट्ट बसवली, बाहेर येऊन काँक्रीटचा जाड दरवाजा लावला आणि झोत सुरू केला. आत ना वारा, ना माणूस. न्यूट्रॉन लागून घंटा वाजत नाही, हे मी शपथेवर सांगते.

आलेख उमटू लागला. स्वच्छ, सुंदर... तेवढ्यात फोन.

"आली गं, समदी आली! घंटा ऐकली अन् एकामागं एक खाली उतरली. तू कवा आलीस? कुठं उभी हायस?"

"काका, मी इथंच हाय. घंटा बी इथंच हाय."

"कावून थट्टा करतीस? मी सोता ऐकली की!"

यंत्रावर बसवलेली घंटा जागची हलली नव्हती. सहकारी म्हणाले, काकांना भास झाला असेल. असेल... पण अख्ख्या कळपाला?

न्यूट्रॉनमुळे धातूत आलेला किरणोत्सार ओसरेपर्यंत घंटा कुलपात ठेवावी लागली. मग मी ती चौसाळ्याला नेऊन दिली. "तुझ्या मशीनला माझा नमस्कार सांग," म्हणत काकांनी ती नव्या एडक्याला बांधली.

आतली रचना आता मला ठाऊक आहे. त्या दिवशीचं उत्तर मात्र त्यात कुठेच नाही. काका अजून विचारतात, "तू तर तिच्या जवळच व्हतीस. तुला कशी गं ऐकू आली न्हाई?"

नाही आली, काका. मी कान देऊन बसले असते, तर आली असती का... तेही मला माहीत नाही.