राणी छाप रुपयाची सपाट कड

गेल्या वर्षी आत्याने मला चांदीचा एक जुना रुपया दिला. कल्याणला तिच्याकडे जेवून निघालो होतो, दारात चपला घालत होतो, तेव्हा तिने तो माझ्या हातात कोंबला. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाली. मला तो मनापासून हवा होता. पण तिला दोन मुलगे आहेत. वस्तू मोलाची निघाली तर आधी हक्क त्यांचा. म्हणून किंमत कळल्यावरच ठेवायचा की परत करायचा ते ठरवू, असं मनाशी म्हटलं.

ठाण्याला जुनी नाणी घेणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. रुपया इतका झिजला होता की मुकुटाखाली राणीचा चेहरा असा उरलाच नव्हता. त्यांनी तो दिव्याखाली तिरका धरला. कडेच्या इंग्रजी अक्षरांपैकी शेवटची तीनच, 'एम्प्रेस'मधली ESS, वाचता येत होती. त्यावरून राणीला सम्राज्ञी म्हणू लागल्यानंतरचा हा रुपया, असं त्यांनी सांगितलं. साल पार पुसलं गेलं होतं. मग वजन. असा रुपया नवा असताना ११.६६ ग्रॅम भरतो. हा भरला १०.८२.

"पाऊण ग्रॅमच्या वर गेलंय," मी म्हणालो. "वापरून इतकं झिजतं?"

"थोडं झिजतं. पण ही कड बघा." एका जागी कड नखाएवढी सपाट होती. "कानस मारलीय कोणीतरी, चांदी काढायला. नाणी जमवणारा याला हात लावणार नाही. चांदीच्या भावाने जाईल, बस."

किंमत फार नाही म्हणून हायसं वाटलं, पण कानशीचं ऐकून वाईटही वाटलं.

रविवारी कल्याणला गेलो. आत्या लसूण सोलत बसली होती, थोरला आतेभाऊ पेपर वाचत होता. वजन, फरक, भाव, सगळं सांगितलं. कानशीचं नाव काढताच आत्याचा हात थांबला.

"कानस म्हणे! अरे मेल्या, सहाणेवर उगाळलाय तो. बाळगुटीत. हळकुंड, जायफळ उगाळायचं आणि शेवटी या रुपयाचा एक वेढा."

"कोणासाठी?"

"घरातल्या सगळ्या पोरांसाठी. माझी दोघं गुटगुटीत, त्यांची गुटी चार महिन्यांत बंद केली. तू जन्मलास मूठभर. तुझी आई अंथरुणाला खिळलेली. वर्षभर तुझं न्हाणं, गुटी, निजवणं माझ्याकडे. सगळ्यांत जास्त तूच खाल्लायस तो."

आई तेव्हा आजारी होती एवढं मला ठाऊक होतं. मग मला सांभाळलं कोणी, हा प्रश्न पन्नाशी उलटली तरी पडला नव्हता. झीज किती आणि माझ्या पोटात किती, हा हिशोब कोणत्याही काट्यावर होणारा नव्हता.

तरी मी आतेभावाकडे वळलो. "दादा, तुमची दोघांची काही हरकत..."

तो हसतच सुटला. "आईने आम्हाला विचारूनच दिलाय रे. धाकटा पैज लावून बसला होता, हा वजन करून आणणार म्हणून. मी म्हटलं, आत्याने दिलेलं कोण तोलतं? हरवलंस मला!"

"आता नेतोस की ठेवून जातोस?" आत्याने विचारलं.

"नेतो," म्हणालो आणि वाकून नमस्कार केला. तिने लसणाचा हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला.