आईचा सुजलेला हात

दुष्काळाचा उन्हाळा होता. शहराबाहेर, बीड बायपासपलीकडच्या आमच्या नव्या वसाहतीत घरं आली होती, नळ आले नव्हते. टँकरवर भागत होतं.

आईच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आदल्या वर्षी झाली होती. काखेतल्या गाठी काढल्यापासून तिचा डावा हात सुजलेलाच असे. त्याला खरचटूही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तेव्हा विद्यापीठात संशोधन करत होते, आणि विषय नेमका लसीकावाहिन्यांचा होता. अंगात साचणारं पाणी रक्ताकडं परत नेणाऱ्या या बारीक नळ्या. आईच्या त्याच तुटल्या होत्या.

एका सकाळी बादलीच्या कडीनं तिचं डावं बोट कापलं. तिनं ते चटकन तोंडात घातलं.

"आई, काढ ते!" मी ओरडले.

"शेळ्यांमागं हिंडताना आम्ही थुकीच लावायचो. काय झालं नाय कधी."

मी बोट साबणानं धुतलं. पट्टी बांधताना तिनं विचारलं, "तू तिथं दिवसभर करतीस तरी काय?"

मी सांगितलं, "रक्ताच्या आणि लसीकेच्या नळ्या वाढवणारी प्रथिनं शरीर बनवतं, पण ती निजलेली असतात. एन्झाइमनं त्यांचे टोकाचे तुकडे कापले की जागी होतात. तसलं एक एन्झाइम थुंकीतही असतं."

"मंग वरडलीस कशाला?"

"थुंकीत जंतूही असतात ना."

ती हसली. मग हाताकडं बघत म्हणाली, "माझ्यात नव्या नळ्या फुटायचं औषध दे की."

खोटं बोललेलं तिला खपत नसे. "त्याच नळ्यांतून कर्करोगही पसरतो, आई. म्हणून द्यायला भीती वाटते."

तिनं सुजलेला हात पदराखाली घेतला. "मंग राहू दे," एवढंच म्हणाली.

दोन दिवसांत हात लालभडक झाला, ताप चढला. दवाखान्यात सलाईनमधून औषधं द्यावी लागली. ती वाचली, पण सूज आणखी वाढली. त्यानंतर पाणी मीच भरू लागले, आणि साचलेलं पाणी वर सरकावं म्हणून संध्याकाळी हलक्या हातानं तिचा हात खांद्याकडं चोळत बसू लागले.

अशाच एका संध्याकाळी मी तिला सांगितलं, की प्रयोग जमला; प्रथिनाचे कापलेले तुकडे आज स्पष्ट दिसले.

"मला उपेग व्हईल?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला?"

"कदाचित. पुढं कधीतरी."

"व्हय, मंग सोडू नको," ती म्हणाली.

पुढं आजार फुप्फुसात उलटला आणि ती गेली. मी अजून त्याच विषयावर काम करते.