खुर्चीतून अंगणात

मी घर सोडलं तेव्हा अर्धी आळी मला एसटी स्टँडवर पोहोचवायला आली होती. त्याच महिन्यात शेजारचा मुलगा कुवेतला गेला, त्याला सोडायला फक्त त्याचा बाप होता. मी निघाले होते तलासरीला, म्हणजे डहाणूच्या शेजारच्याच तालुक्यात, शाळेत मराठी शिकवायला. पण आमच्या किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब वेगळा आहे. कुवेतला समुद्र आहे, तलासरीला नाही. आईने सुक्या बोंबलांची पिशवी खिडकीतून आत दिली आणि हळूच विचारलं, "तिथली माणसं काय खात असतील गो?" तिला खरोखर काळजी वाटत होती.

तुम्ही जे तिथेच राहिलात, आणि जे माझ्यासारखे उठून गेलात, कोणी वापीला, कोणी विरारला, कोणी आखातात, त्या सगळ्यांना सांगते, बसने तासाभराचं स्थलांतरसुद्धा पुरतं स्थलांतर असतं. पहिल्या वर्षी मला रात्री झोप लागत नसे. समुद्राच्या जागी हायवेवरचे ट्रक आवाज करायचे आणि त्यांना ओहोटी नव्हती. आता तेच ट्रक नसले की जाग येते. शाळेतली मुलं घरी वारली बोली बोलतात, बाजारात गुजराती, आणि माझ्याशी पुस्तकातलं मराठी, तेही माझ्यावर उपकार म्हणून. मीही भाजीवालीला किती झाले न म्हणता 'केटला थया' विचारते, आणि घरी आईशी फोनवर बोलताना मध्येच 'बरं'च्या जागी 'सारु' म्हणून जाते.

कंबर दुखायला लागली ती बऱ्याच वर्षांनी. आधी वाटलं, पेपर तपासून दुखत असेल. सुट्टी लागली तरी ती दुखतच राहिली. वापीला एमआरआय काढला, त्यात विशेष काही सापडलं नाही. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. कंबरेला ते कोणी कळवलं नाही. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनाट आहे, गोळ्यांवर भागणार नाही, नियमित जाता येईल अशी फिजिओथेरपी शोधा.

खरं सांगायचं तर दुखण्याशी मी जमवून घेतलं असतं. पण त्या दुखण्याने घरी माझी बढती केली. हंगामात आमच्या अंगणात बोंबलांचे ढीग पडतात आणि बायका त्याभोवती पाटांवर गोल करून बसतात. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणून बांधलेल्या दोऱ्यांवर, वाळत टाकायची. आळीतल्या सोयरिकी, भांडणं आणि समेट सगळे त्या गोलात होतात. एक-दोनदा पाटावरून उठताना मी कळवळले. पुढच्या खेपेला गेले तर आईने शेजारून प्लास्टिकची खुर्ची मागून आणली होती, हात असलेली. खुर्चीवरून गोलातलं सगळं ऐकू येतं, पण तुमच्याशी कोणी बोलत नाही. काकीने मला 'बाई' म्हणून हाक मारली, शाळेतल्या बाईंना मारतात तशी. मग माझा चहा ट्रेमधून आला. बाकीच्यांचा किटलीतून आला होता.

त्या ट्रेकडे बघत मी ठरवलं की काही झालं तरी पाटावर परत बसायचं.

सुरुवात तलासरीतच केली. 'भव्य कंबरदुखी निवारण शिबिर' असा फलक लागला होता. त्यावर पाहुण्यांचे फोटो होते, कंबरेचा एकही नव्हता. कंबरदुखीच्या रुग्णांना खाली सतरंजीवर बसवलं होतं आणि धडधाकट पाहुण्यांसाठी मंचावर सोफा होता. दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगतं. आरोग्य हीच संपत्ती आहे हे तीन वक्त्यांनी पटवून दिलं. शेवटी तपासणीला बोलावलं तेव्हा आमच्यातलं कोणीच आधाराशिवाय उठू शकेना, म्हणजे शिबिराची गरज तरी सिद्ध झाली. मला मलमाची एक ट्यूब मिळाली, ती देताना फोटो काढला.

मग वापी. काचेचं दार, भिंतभर धबधब्याचं चित्र, आणि कंबरेला चिकटवायच्या तारा. यंत्र चालू असेपर्यंत छान वाटायचं. परतीच्या जीपमध्ये ते छान वाटणं खड्ड्याखड्ड्याने सांडत यायचं. घरी कोणते व्यायाम करू असं विचारलं, तर त्यांनी मोठं पॅकेज सुचवलं. त्यात आणखी एक यंत्र होतं.

शेवटी जागा सापडली ती डहाणू रोडला, एका कापडाच्या दुकानाच्या वर. दोन खाटा, एक आरसा, भिंतीला अडकवलेले रबरी पट्टे. फलकावर फक्त नाव आणि वेळ. तिथली फिजिओथेरपिस्ट हेतल डहाणूचीच, घरी गुजराती, बाहेर आमच्यासारखं मराठी. तिने एमआरआय पाहून बाजूला ठेवला आणि विचारलं, मॅडम, तुम्हाला काय करायचंय? म्हटलं, दुखणं घालवायचंय.

"त्याचं वचन मी देत नाही," ती म्हणाली. "ते कमी झालं तर काय कराल, ते सांगा."

इतक्या ठिकाणी फिरले, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "बोंबील."

हेतलने हसू आवरलं आणि तसं लिहून घेतलं. लोकांच्या केसपेपरवर मणक्यांची नावं असतात. माझ्या केसपेपरवर मासा आहे.

दर शनिवारी शाळा सुटली की मी डहाणूची बस धरू लागले. ज्या स्टँडवरून मला निरोप दिला होता तिथेच आता मी व्यायामाला उतरत होते. आधी स्टुलावर बसणं, मग घट्ट उशीवर, मग आणखी खाली. नियम एकच होता, आणि तोच जड गेला. दुखेपर्यंत बसायचं नाही, दुखायच्या आधी उठायचं, चार पावलं चालायचं, हात वर ताणायचे आणि परत बसायचं. चांगल्या दिवशी मस्ती करायची नाही, वाईट दिवशी सुट्टी घ्यायची नाही.

एकदा आईला सोबत नेलं. तिने खोलीभर यंत्र शोधलं. लाईट देत नाय? शेक नाय? हेतल म्हणाली, नाही मासी, सगळं यांच्याकडूनच करून घेते. फी पण आपणच द्यायची आणि मेहनतही आपणच करायची, हा धंदा आईला नवीन होता. मग हेतलने विचारलं की घरी खुर्ची का ठेवता. मला वाटलं आई म्हणेल, मास्तरीण आहे, मान ठेवायला नको?

आई पदराशी चाळा करत म्हणाली, "खाली बसून दुखलं, तर ती यायचीच बंद होईल."

मी आरशात स्वतःकडे बघत राहिले. एवढी वर्षं मी त्या खुर्चीला मान समजून रागावत होते. आई ती मला परत आणायला मांडत होती.

हेतल तिला म्हणाली, "मासी, खुर्ची दिलीत तर माझी सगळी मेहनत पाण्यात." जिना उतरताना आई एवढंच म्हणाली की पोरगी जरा चढेल आहे.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर गेले. अंगणात खुर्ची नव्हती. मी पाट ओढला आणि जमेल तशी, एक हात टेकून, बसले. काकी जागा करायला सरकली आणि सरकता सरकता म्हणाली, "जाड झालीस गो." एमआरआय स्वच्छ आला तेव्हाही मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

नियमाप्रमाणे दुखायच्या आधी उठले. गोल क्षणभर थांबला, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. आईने मान वर न करता म्हटलं, "उठलीच आहेस तर त्या तिकडच्या दोऱ्या भर."

दुखणं गेलं का? नाही. तिथेच होतं, पण त्यालाही माझ्याबरोबर काम करावं लागत होतं. 'माझे घर' हा निबंध मी दर वर्षी लिहून घेते, मुलं मायेची सावली वगैरे लिहितात, आणि मी गुण देते. मला विचाराल तर, जिथे पोहोचताच काम सांगतात ते घर. तलासरीत शाळा सांगते, इथे आई सांगते. माझी घरं दोन झाली आहेत आणि मधली बस कधी वेळेवर नसते.

मी लावलेली रांग पुढे जाऊन वाकडी झाली होती. आई पाटावरून उठून आली, अर्ध्या जोड्या काढल्या, "असंच शिकवतेस काय पोरांना?" म्हणाली, आणि त्या परत माझ्याच हातात दिल्या.