वैशाली नावाचं कोणी नाही

फोन आला तेव्हा मी गोव्यात, तुये गावच्या नाक्यावर पाव घेत होते. यल्लव्वाची मुलगी सुमा एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली... काल तू येणार होतीस ना?" मी गेले होते. इस्पितळाच्या खिडकीपाशी उभी राहून "वैशाली पाटील" असं तीनदा सांगितलं होतं. आतल्या मुलीने यादी दोनदा तपासली. "या नावाचं कोणी नाही." सुमाचा फोन बंद होता. तिला घरी सोडलं असेल, अशी समजूत करून घेऊन मी परतले. यल्लव्वा तिथेच होती, वरच्या वॉर्डात, स्वतःच्या नावाने. महिना उलटला तरी मला चैन नाही, कारण वैशाली हे नाव तिला मीच दिलं होतं.

बारा वर्षांपूर्वी ती आमच्या कारखान्यात पॅकिंगला आली. बेळगाव जिल्ह्यातली, नवरा गेलेला, चार वर्षांची पोर कडेवर. सुपरवायझरने हजेरीला नाव वाचलं आणि आम्ही पेडण्याकडच्या सगळ्या बायका हसलो. मीही हसले. ती शांतपणे म्हणाली, "सौंदत्तीच्या देवीचं नाव हाय, अक्का. आजीनं ठेवलंय." मला ओशाळल्यासारखं झालं. त्याच रविवारी मी तिच्यासाठी खोली शोधायला निघाले. तीन घरं फिरलो. तिन्हीकडे आधी खोली रिकामी होती आणि नाव ऐकल्यावर, "कालच भाड्यान दिली गो." तिसऱ्या घरातून तर आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत शब्द ऐकू आला, "घाटी." चौथ्या घरी घरमालकीण माईंनी नाव विचारलं आणि यल्लव्वा तोंड उघडायच्या आत मीच बोलून गेले, "वैशाली." खोली मिळाली. बाहेर आल्यावर ती हसली. "आता मलाच ध्यानात ठेवाय लागंल," म्हणाली.

मग ती सगळीकडेच वैशाली झाली. माईंकडे, दुकानात, पॅकिंगमध्येसुद्धा. "तू घाटी वाटत नाहीस हां," असं बायका तिला कौतुकाने सांगायच्या. ती मान खाली घालून खोके चिकटवत राहायची. मला वाटायचं, बरं केलं मी. सुमाला शाळेत घालताना मात्र ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली. आईच्या नावापुढे वैशालीच लिही, पोरीला त्रास नको, असं मी सुचवलं होतं. तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं. "अक्का, खोलीपुरतं ठीक हाय. पोरीच्या दाखल्यावर आई खोटी नको." आणि एकेक अक्षर जोर देऊन लिहिलं... यल्लव्वा. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही त्या खिडकीपाशी ते नाव मला आठवलं नाही. मी रोज जिच्याशी बोलत होते ती कोण होती, हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

तेराव्याला मी खोलीवर गेले. सुमाने फोटो लावला होता, खाली आईचं नाव. माईंनी चष्मा वर करून वाचलं. "हें कोणाचं गो? नाव चुकलं."

"चुकलं नाही, माई. मी तुला सांगितलं होतं ते खोटं."

"मग खरं कित्याक नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दिली असतीस खोली?"

माईंनी फोटोकडे पाहिलं, सुमाकडे पाहिलं. मला वाटलं, रागावतील.

"नसती दिली," त्या म्हणाल्या.

माई हळूच उंबऱ्यावर टेकल्या. कामावरून आली की यल्लव्वा तिथेच बसायची, पाय पसरून, शेंगा फोडत. उंबऱ्याच्या फटीत टरफलं अजून अडकलेली होती. माई ती एकेक करून बोटाने काढायला लागल्या, मग थांबल्या... आणि राहू दिली.