उन्हाळीचं मूळ

परवा नांदुऱ्याला रुळांच्या कडेला उन्हाळीची झुडपं दिसली. भोवतीचं गवत वाळून गेलेलं, ही मात्र हिरवी. सवयीने एक पान ओढून तोडलं. ते बाणाच्या पिसासारखं तिरकं फाटलं आणि मला आमच्या शेताचा बांध आठवला.

तेव्हा आई नुकतीच गेली होती. घर सांभाळायला मी कॉलेज सोडलं होतं. बाबा कोणाशी बोलत नसत. एका दुपारी मैत्रीण सांगायला आली, वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मुळासकट रोप न्यायचंय. मी म्हटलं, "मी नाही येत आता." ओसरीवरच्या बाबांनी ते ऐकलं आणि खणायची लोखंडी सब्बल उचलली. "चाल माय, बांधावर."

उन्हाळीचं मूळ मुरमात खोल खोल गेलेलं. बाबा घामाने निथळले.

"बाबा, तोडा ना आता."

"काऊन तोडू? तुले पुरं पायजे ना?"

अखेर ते निघालं. बारीक मुळांवर इवल्या गाठी होत्या. मी म्हटलं, "या गाठी हवेतलं नत्र धरतात. जमिनीले खत भेटते."

"आनखी सांग," बाबा म्हणाले.

मी उन्हात उभी राहून बोलत राहिले. तेव्हा वाटलं, त्यांना झाडाचं कुतूहल आहे. आता कळतं, त्यांना माझा आवाज ऐकायचा होता.

परतताना ते म्हणाले, "उद्यापासून कॉलेजात जाय. भाकरी मी थापतो."

त्या भाकऱ्या जाड आणि करपलेल्या असायच्या. पदवी होईपर्यंत डब्यात मी त्याच नेल्या.